पहिला स्वतंत्र चित्रपट: शेवटाला लागणारे पैसे आधी बाजूला काढा

पहिला सिनेमा बहुतेकदा शूटिंगमध्ये अडत नाही, पॅक-अपनंतर अडतो. कॅमेरा, गाड्या, जेवण यांत पैसा संपतो आणि हार्ड डिस्क वर्षानुवर्षं कपाटात पडून राहते. म्हणून बजेट उलटीकडून मांडा. संकलन, साउंड डिझाइन, मिक्सिंग, कलर, सबटायटल, डीसीपी (थिएटरात चालवायची डिजिटल प्रत), सेन्सॉर आणि महोत्सवांचं शुल्क यांसाठी एकूण रकमेचा निदान तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका. शूटिंगच्या शेवटच्या आठवड्यात कितीही ओढाताण झाली तरी त्याला हात लावू नका. उरलेल्या पैशांत पटकथा बसत नसेल, तर ती आताच लहान करा. आधी रात्रीची दृश्यं आणि गर्दी कापा.

९० पानांची पटकथा २० दिवसांत उरकायची तर रोज साडेचार पानं होतात. एकाच वाड्यात, एकाच शेतात हे जमतं. दिवसात एकदा लोकेशन बदललं की सामान भरण्यात आणि पुन्हा लाइट लावण्यात दोन-तीन तास सहज जातात.

सगळ्यात मोठं नुकसान आवाजात होतं. गावातलीच माणसं घेऊन सिनेमा करत असाल, तर सिंक साउंडला, म्हणजे शूटिंगच्या वेळीच संवाद रेकॉर्ड करण्याला, पर्याय नाही. एरवी फर्डी मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणारा माणूस डबिंगच्या खोलीत शिरला की वाक्य वाचल्यासारखं म्हणतो. हेल जातो, श्वासही जातो. रेकीला, म्हणजे लोकेशन आधी पाहायला जाताना, साउंड रेकॉर्डिस्टला सोबत न्या, आणि ज्या वेळचं दृश्य असेल त्याच वेळी जा. सकाळी शांत वाटलेल्या घराशेजारी संध्याकाळी पिठाची गिरणी सुरू होते. पावसात पत्र्याचं छप्पर संवाद गिळून टाकतं. टेकआधी फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचा राहणार नाही. कपड्यावर लावायचा छोटा लेपल माइक पदराला लावू नका, पदर हलला की खरखर येते. ब्लाउजच्या आत मेडिकल टेपने पक्का करा. लोकेशन सोडण्याआधी सगळ्यांना जागच्या जागी थांबवून ३० ते ६० सेकंद नुसती तिथली शांतता रेकॉर्ड करा. हा रूम टोन नसेल तर संकलनात दोन वाक्यांमधली जागा भोक पडल्यासारखी ऐकू येते.

कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेमवर ठेवा. थिएटरमधला डीसीपी सहसा त्याच वेगाचा असतो. २५ वर शूट केलेला सिनेमा पुढे ४ टक्के हळू करावा लागतो आणि आवाजाची पट्टीही सावरावी लागते. आपली वीज मात्र ५० हर्ट्झची. त्यामुळे २४ फ्रेमला शटर (प्रत्येक फ्रेमवर किती वेळ प्रकाश पडतो त्याचं माप) १८० अंशांवर राहिलं तर ट्यूबलाइट फडफडताना दिसू शकते; ते १७२.८ अंश, म्हणजे १/५० सेकंद करा. ४के प्रोरेस ४२२ एचक्यू या व्हिडिओ फॉरमॅटचा डेटा तासाला साधारण ३२० जीबी होतो. त्याच्या तीन प्रती करा, एक दुसऱ्या ठिकाणी ठेवा, आणि चेकसम (मूळ फाइल आणि प्रत तंतोतंत सारखी आहे का ते दाखवणारा आकडा) जुळल्याशिवाय कार्ड पुसू नका.

कागदपत्रं शूटिंगआधीच करा. कथा दुसऱ्याची असेल तर लेखी हक्क घ्या; लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो, तेव्हा वारसांनाही विचारावं लागतं. दृश्यात रेडिओवर वाजणाऱ्या जुन्या गाण्याचे हक्कही आधी तपासा. जनावराकडून दृश्यात काम करून घेणार असाल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे आधी अर्ज करा. सेन्सॉर नंतर ते ना हरकत पत्र मागतं, आणि ग्रामीण कथेवरचा सिनेमा नेमका इथे अडकतो.

महोत्सवांची घाई नको. अनेक मोठे महोत्सव प्रीमिअर स्वतःकडेच मागतात. ओळखीखातर छोट्या ठिकाणी पहिला खेळ केलात, तर ती दारं बंद होतात. रफ कट (संकलनाची पहिली कच्ची आवृत्ती) हातात असेल तर नोव्हेंबरात गोव्यात भरणाऱ्या फिल्म बझारकडे (आता ‘वेव्हज फिल्म बझार’), म्हणजे चित्रपटांच्या बाजाराकडे, पाहा; प्रवेशिका काही महिने आधी जातात, म्हणून संकलनाचं वेळापत्रक त्यावरून ठरवा.

इंग्रजी सबटायटल जास्तीत जास्त दोन ओळींचं, ओळीत ४२ अक्षरांच्या आत ठेवा. भाषांतर करणाऱ्याला नुसती पटकथा न पाठवता सिनेमा दाखवा. मग मराठी न येणाऱ्या एखाद्याला शेजारी बसवा आणि त्याची नजर चेहऱ्यावर न जाता खालीच कुठे अडकते ते टिपा. तिथली ओळ छोटी करा.