एम३४०आय टेस्ट ड्राइव्हला घेताय? आधी हे वाचा

बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह पहिल्यांदा चालवणार असाल तर लगेच स्पोर्ट मोड लावू नका, आधी कम्फर्ट मोडमध्येच ट्रॅफिकमधून काढा, स्पीडब्रेकरवर खाली घासते का बघा, कारण रोज तेच सहन करायचंय. ३.० लिटर सहा सिलेंडर टर्बो आहे, शून्यापासून ताशी १०० किमीला साडेचार सेकंदांच्या आसपास जाते, त्यामुळे मोकळा सरळ रस्ता मिळाल्याशिवाय पाय दाबायचा नाही (सेल्सवाला कितीही चढवू दे). आणि मेन म्हणजे ऑल व्हील ड्राइव्हने (नावातलं एक्सड्राइव्ह म्हणजे हेच, इंजिनची ताकद चारही चाकांना जाते) गाडी सुटते भारी, पावसातपण चाकं जागच्या जागी फारशी फिरत नाहीत, पण ब्रेकिंगला त्याचा काही उपयोग नाही, तिथे टायरच कामाला येतात, म्हणून डेमो गाडीचे टायर झिजलेत का ते निघायच्या आधीच बघून घ्या.