भुईमुगाच्या पोचट शेंगा : माझा अनुभव

मागच्या हंगामात पीक हिरवंगार होतं, पण उपटलं तर निम्म्या शेंगा पोचट. टरफल पूर्ण वाढलेलं, दाबलं की फटकन फुटायचं आणि आत दाणाच नाही. काही दाण्यांच्या आतला कोंब काळा पडलेला. तिथेच कॅल्शियमची कमतरता लक्षात आली.

मला वाटायचं, मुळांनी घेतलं की शेंगेला मिळतं. पण कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर पानांकडे चढतं, तिथून खाली शेंगेत जवळजवळ उतरतच नाही. जमिनीत गेलेली आरी (फुलानंतर खाली वाढून मातीत शिरणारा देठ, त्याच्या टोकाला शेंग धरते) आणि वाढणारी शेंग ते भोवतीच्या मातीतून स्वतःच शोषतात. म्हणजे ते हवं वरच्या पाच-सात सेंटिमीटरात, आणि तिथे ओलही हवी. कोरड्या मातीत जिप्सम, म्हणजे कॅल्शियम देणारं खत, नुसतं पडून राहतं.

यंदा हेक्टरी 400 किलो जिप्सम दिलं, अर्धं पेरणीला, अर्धं आऱ्या सुटताना झाडाच्या बुडाशी. लगेच हलकं पाणी. युरियाचा जादा हप्ता बंद केला, त्याने नुसता पालाच माजत होता. आऱ्या जमिनीत गेल्यावर कोळपं (तण काढायचं अवजार) अजिबात घातलं नाही, त्या तुटतात.

या वेळी शेंगा हातात जड लागल्या. काही दाण्यांच्या मधे मात्र तपकिरी पोकळी दिसली. ते बोरॉनच्या कमतरतेचं लक्षण, म्हणून आता माती तपासायला दिली आहे.