पहिलारू गायीची धार: दोर शोधायच्या आधी हे करून बघा

पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली गाय, लाथ मारते म्हणजे ती मारकी असं काही नाही, हे आधी डोक्यात बसवा. तिला एकतर दुखतंय नाहीतर ती घाबरलीय, आणि दोन्हीवर उपाय वेगळा, त्यामुळे पहिल्याच दिवशी पाय बांधून मोकळे झालात तर नेमकं काय होतंय ते कळतच नाही. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात अजून बऱ्याच घरी एक-दोन गुरं असतात, कुणाकडे जर्सी क्रॉस, कुणाकडे आपली पांढरी श्वेत कपिला, आणि वाड्यावर एखादी तरी गाय लाथाळ म्हणून बदनाम असतेच. ती बहुतेक पहिल्या आठवड्यात माणसांनीच बिघडवलेली असते.

खरं काम व्यायच्या आधी दीड-दोन महिने सुरू होतं. जिथे पुढे धार काढणार तिथेच तिला रोज आणून बांधायची, पेंड तिथेच घालायची, आणि ती खात असताना पाठ, कूस, मांडी असं करत करत हात कासेपर्यंत न्यायचा. फक्त हात लावायचा हां, सड पिळून बघायचे नाहीत, सडाच्या तोंडाला आतून एक बूच असतं ते व्यायच्या आधी निघालं तर जंतू आत शिरायला वाट मोकळी. मशीन लावणार असाल तर मशीनचा आवाजही याच दिवसांत ऐकवा. बाजू एकच ठेवा, आम्ही उजवीकडून बसतो, काही जण डावीकडून, कुठलीही चालेल पण आज ही उद्या ती असं नको. थेट मागून तर जाऊच नका, शेपटीच्या मागचं तिला दिसत नाही. बोलत बोलत बाजूने या.

व्याल्यावर पहिल्या तासा-दोन तासात वासराच्या पोटात चीक गेला पाहिजे. पंचवीस किलोचं वासरू असेल तर पहिल्या दिवसभरात थोडा थोडा करून अडीच लिटर तरी. खरवसाची घाई शेजाऱ्यांना असते, त्यांना थांबू दे. चार-पाच दिवस हे दूध डेअरीत घालायचं नाही.

आता दुखण्याचं. पहिल्या वेताला कास खूप सुजते, बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. ही सूज बहुतेक वेळा आपोआप उतरते, पण तोपर्यंत प्रत्येक स्पर्श तिला लागतो. कोमट पाण्यात फडकं बुडवून शेका, खालून वर हलका हात फिरवा, आणि एकदम सगळं दूध ओरबाडण्यापेक्षा दिवसातून तीनदा थोडं थोडं काढा. नखं कापलेली हवीत. अंगठा मुडपून सड ओढायची सवय असेल तर सोडा, पूर्ण मुठीत धरून वरून खाली दाबत या. पहिलारूचे सड आखूड असतात, मूठ बसत नसेल तर दोन बोटांची चिमटी, पण अंगठ्याचं हाड रुतवू नका. माझ्या सासूबाई पहाटे आधी माझे हात बघायच्या, "थंडगार आहेत गो तुझे हात, तुला कुणी असं धरलं तर तू काय करशील?" म्हणून चुलीवरच्या पाण्यात हात बुडवूनच गोठ्यात जायचं, हा नियम अजून आहे.

मग भीती. गाय घाबरली की पान्हा चोरते. नाटक नव्हे ते, शरीरच तसं आहे, कासेला हात लागला की मेंदूतून ऑक्सिटोसिन निघतं आणि साधारण मिनिटभरात दूध उतरतं, पण धास्ती बसली की अॅड्रेनलिन ते अडवतं. म्हणून कास धुतल्या-पुसल्यावर मिनिटभर थांबा, मग सुरू करा आणि पाच-सात मिनिटांत आटपा, कारण पान्हा तेवढाच वेळ टिकतो. वासरू तिच्या तोंडाजवळ बांधा म्हणजे ती चाटत राहते. गावठी गायीला तर वासराशिवाय पान्हा सुटतच नाही बहुधा.

आमची तांबू मात्र हे सगळं करूनही रोज सकाळी लाथ मारायची, संध्याकाळी गप्प. आठ दिवस मी सड तपासले, चिरा नाही, गाठ नाही. नवव्या दिवशी लक्षात आलं, पोदेर, आमचा पाववाला! बरोबर सव्वासहाला तो सायकलवर पों पों करत गोठ्याच्या भिंतीला घासून जायचा आणि मी तेव्हाच बसलेली असायचे. वीस मिनिटं आधी धार काढायला लागले, संपलं. तर लाथ बसली की घड्याळ बघा, आजूबाजूला काय वाजलं, कोण आलं, ते बघा. जूनमध्ये पत्र्यावरचा पहिला पाऊस आणि गोमाश्या, दोन्हीची तयारी ठेवा, कडुनिंबाचा पाला धुपवला की माश्या जरा दूर राहतात.

बसताना लांब बसू नका, लांब बसलेल्याला लाथ पूर्ण जोराने लागते. अगदी चिकटून, डोकं तिच्या कुशीला टेकवून बसलं की लाथ यायच्या आधी मांडी ताठ होते ते कपाळाला कळतं. बालदी खाली ठेवायची नाही, तांब्यात काढायचं आणि अर्धा भरला की बाजूच्या कॅनमध्ये ओतायचं, म्हणजे गेलं तर अर्धा तांब्या गेला. लाथ मारली की उठून पळायचं नाही नि ओरडायचंही नाही, हात हलकेच कासेला लावून ठेवायचा आणि ती शांत झाली की मगच काढायचा. लाथेबरोबर आपण उठलो तर ती शिकते, लाथ मारली की हा त्रास थांबतो. मारलं तर बोलूच नका, पुढचे पंधरा दिवस गेले.

एवढं करूनही थांबत नसेल तर दुसऱ्या माणसाने शेपटी मुळाशी धरून सरळ वर उचलायची, हळू, मोडेल असं नाही. त्याच्यापुढे मागच्या पायांना गुडघ्याच्या वर आठच्या आकड्यात सैल दोर, एका ओढीत सुटेल अशी गाठ. दोर रोजचा करू नका.

पान्ह्याचं इंजेक्शन टोचा म्हणून सांगणारे भेटतील. दूध वाढवायला इंजेक्शन देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि एकदा सवय लागली की गाय सुईशिवाय दूध सोडत नाही.

पहिल्या दोन-चार धारा काळ्या फडक्यावर काढून बघत जा. पहिले काही दिवस दूध गुलाबीसर दिसू शकतं, सुजलेल्या कासेत बारीक रक्तवाहिन्या फुटतात. पण गाठी, पिवळं पाणी, एकच बाजू गरम आणि टणक, ताप, खाणं बंद, यातलं काहीही दिसलं किंवा व्याल्यावर बारा तासांत वार (जार) पडली नाही तर गुरांच्या डॉक्टरला त्याच दिवशी बोलवा, लाथेचं नंतर बघू.

धार झाली की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि गव्हाणीत हिरवा चारा टाका. सडाचं तोंड पुढचा अर्धा तास तरी उघडं असतं, तेवढा वेळ ती खात उभी राहिली पाहिजे, शेणात बसायला नको. तांबूला यासाठी खोबऱ्याच्या पेंडीचा एक मूठभर तुकडा मी मुद्दाम मागे ठेवते, आता मी स्टूल उचललं की तीच मान वळवून हात हुंगते.