पावसात बिघडणारा न्यूरॉन

जुलैत रत्नागिरीला घरी बसून ऑप-अँपचा (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचा) एक कृत्रिम न्यूरॉन जुळवला, म्हणजे इनपुटना कमी-जास्त वजन देऊन बेरीज करणारं सर्किट. तीन इनपुट, प्रत्येकाला एक रेझिस्टर, सगळे एका बिंदूवर येतात; फीडबॅक रेझिस्टर (आउटपुटपासून परत त्याच बिंदूला जोडलेला) भागिले इनपुट रेझिस्टर म्हणजे त्या इनपुटचं वजन. (रोझेनब्लॅटच्या मार्क १ परसेप्ट्रॉनमध्ये, म्हणजे अशाच न्यूरॉनच्या जुन्या शिकणाऱ्या यंत्रात, हीच वजनं मोटरने फिरणाऱ्या पोटेन्शिओमीटरमध्ये, म्हणजे फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरमध्ये असत. ते यंत्र इथल्या मिऱ्या बंदरावर ठेवलं असतं तर!) वीज वाचवायला सगळे रेझिस्टर मेगाओहमचे घेतले. इथंच माती खाल्ली.

सकाळी उत्तर चुकायचं, उन्हाची तिरीप आली की सुधारायचं. आधी चिप बदलली, मग स्वतःच्या सोल्डरिंगला शिव्या घातल्या. शेवटी आईचा हेअर ड्रायर बोर्डावर धरला, आणि मीटरवरचा आकडा डोळ्यांदेखत खाली सरकला.

दोष खाऱ्या, दमट हवेचा. बोर्डावर उरलेल्या फ्लक्सवर (सोल्डरिंगला लावतात त्या रसायनावर) ओल बसली की १२ व्होल्टच्या पुरवठ्याच्या पट्टीतून बेरजेच्या बिंदूकडे करंट झिरपतो. ती वाट १०० मेगाओहमची धरली तरी १२० नॅनोअँपिअर. १ मेगाओहमच्या फीडबॅकवर त्याचे ०.१२ व्होल्ट होतात. माझा सिग्नलच मुळात अर्ध्या व्होल्टचा!

बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासला, वाळवला. सगळे रेझिस्टर शंभरपट कमी केले. गुणोत्तर तेच, म्हणून वजनंही तीच. तेवढीच गळती आता जेमतेम १.२ मिलिव्होल्ट. वर ॲक्रिलिक कोटिंगचे दोन हात. वीज जास्त खातो, खाऊ दे.

श्रावण अर्धा सरला, उत्तर हललेलं नाही. हेअर ड्रायर मात्र आईने परत नेलाय.