डोक्यातलं पेव घरी ठेवून या

लोहयुगातल्या दगडी तळघरांवर काम करायचं ठरवून डेन्मार्कला येत असाल, तर उत्तर जटलंडमधलं व्हेन्सीसेल गाठावं लागणार, हे तुम्हाला माहीत असेलच. थर म्हणजे काय, हेही शिकवायला नको. मलाही नको होतं. तरी माझं अख्खं वर्ष गेलं.

माझ्या आजोळी पेव होतं. वरून तोंड, आत धान्य, तोंड लिंपलेलं. त्यामुळे जमिनीखालच्या साठवणीत जे सापडेल ते साठवलेलंच, हे डोक्यात पक्कं. इथलं तळघर तसं नसतं. खड्डा खणायचा, चुन्याशिवाय गोटे रचून भिंती उभ्या करायच्या, वर लाकडी छत. माणसं आत ये-जा करत. वापर संपला की तो खड्डाच. मग त्यात राख, हाडं, फुटकी मडकी, चुलीतली माती पडत जाते. म्हणजे पोटात भरलेलं बरंचसं तळघराच्या मरणानंतरचं असू शकतं. पुन्हा सांगते: हा नंतर पडलेला भराव म्हणजे साठा नव्हे.

मी भरावातली खापरं मोजली, जळका सातू वेचला आणि ‘इथे काय साठवत’ यावर प्रबंधाची चाळीस पानं लिहिली. प्रयोगशाळेतल्या बाईंनी एवढंच विचारलं, “हा नमुना जमिनीचा की भरावाचा?” मला सांगता येईना. तळघराची खरी जमीन, माणसं चालत ती, तळाशी होती, तुडवून घट्ट झालेला बोटभर काळपट थर. त्यावर करणी टेकली की आवाज बदलतो. त्यातले माझे नमुने फक्त दोन.

ओव्हरबीगोर या उत्खननस्थळाचं उदाहरण सगळे देतात. तिथलं तळघर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जळून कोसळलं, म्हणून भांडी आणि जळालेलं धान्य जागच्या जागी सापडलं. असं नशीब क्वचित. त्यावरून बाकीची तळघरं वाचू नका. एकाच मडक्याची खापरं वेगवेगळ्या खोलीवर विखुरलेली आणि कडा झिजलेल्या असतील, तर तो कचरा समजा.

कार्बन कालमापनाला दाणे द्या, छताचं लाकूड नको. जुन्या ओकचा गाभा झाड तोडण्याच्या कितीतरी आधी वाढलेला असतो, म्हणून तो वय फार मागे नेतो.

आणि डॅनिश शिका. यंत्राने केलेल्या भाषांतरावर विसंबून जुने अहवाल वाचणं हा आळस आहे, माझं यावर ठाम मत आहे. ‘फ्युल्ड’ म्हणजे भराव, ‘गुल्व’ म्हणजे जमीन, हे दोन शब्द मला वेळेवर कळले असते तर ती चाळीस पानं वाया गेली नसती. मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा बघा, ते खड्ड्यात उतरतात का. माझ्या मार्गदर्शकांनी फोटो पाहून ‘ठीक आहे’ म्हटलं होतं.

घाबरू मात्र नका. छेदाचं, म्हणजे खड्ड्याच्या उभ्या कापात दिसणाऱ्या थरांचं, रेखाटन प्रामाणिकपणे केलं असेल तर बरंच परत मिळतं. मी हिवाळाभर त्या रेखाटनावर नमुन्यांची एकेक पिशवी बसवत गेले. प्रबंध शेवटी जमिनीच्या त्या दोन पिशव्यांवर उभा राहिला, आणि मान्यही झाला. आता खड्ड्यात उतरण्याआधीच मी पिशव्यांवर ‘गुल्व’ आणि ‘फ्युल्ड’ लिहून ठेवते.