काळ्या गाडीला वॅक्स-पॉलिश करायचंय? आधी ते कोरडं फडकं बाजूला ठेवा

काळी गाडी नवी असते तोवर सगळे म्हणतात काय चमकायली राव, अन् वर्ष-दीड वर्षानं तीच गाडी उन्हात उभी केली की बोनटवर कोळ्याचं जाळं पसरल्यासारखं दिसतं, गोल गोल बारीक रेघा. मंग माणूस वॅक्सचा डबा आणतो, दाबून घासतो, दोन दिवस बरं दिसतं अन् नंतर त्या रेघा परत वर येतात, वरून वॅक्सचे पांढरे पट्टे वेगळेच. स्कॉर्पिओ, थार, गडद निळी नाहीतर चॉकलेटी गाडी असलेल्या लई जणांचं हेच रडगाणं ऐकायला मिळतं. माझं ठाम मत हे की गडद गाडीची चमक डब्यात नसते, तुम्ही पत्र्याला हात कसा लावता त्यात असते. वॅक्सचा नंबर सगळ्यात शेवटी.

आधी हे समजून घ्या की काळ्या रंगाला जास्त ओरखडे पडतात असं काही नाही. पांढऱ्या गाडीलाही तेवढेच पडतात, फक्त तिथं दिसत नाहीत. रंगाच्या वर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट म्हणतात त्याला, तो साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहून पातळ. आपण पुसताना जे बारीक ओरखडे पडतात ते या थरात, अन् खरंतर ते सगळ्या दिशांना पडलेले असतात, पण उजेड ज्यांच्यावर आडवा पडतो तेवढेच चमकतात म्हणून सूर्याभोवती किंवा टॉर्चभोवती गोल जाळं दिसतं. खाली काळा रंग असला की ती प्रत्येक रेघ उठून दिसते.

आता हे ओरखडे पाडतं कोण, तर नव्वद टक्के वेळा आपणच. सकाळी ऑफिसला निघताना गाडीवर धूळ दिसली की डिकीतलं पिवळं फडकं काढायचं अन् फटाफट झटकायचं, किंवा सोसायटीत गाड्या पुसणारा एकाच बादलीत अन् एकाच कपड्यात दहा गाड्या पुसून जातो. मराठवाड्यातली धूळ म्हणजे नुस्ती माती नाही, त्यात रस्त्याच्या कामाची खडी-मुरूम-चुरी, सिमेंट सगळं असतं, अन् ते कोरडं कोरडं क्लिअर कोटवर घासलं की झालं काम. जुनं बनियन तर अजिबात नको, सुती पातळ कापडात खडा आत शिरायला जागाच नसते, तो वरच राहतो अन् पत्र्यावर फरफटत जातो. धुळीची गाडी एक दिवस तशीच चालवा, लोकं काही म्हणत नाहीत, पण कोरडं पुसू नका.

धुण्यावर थोडं जास्त लिहितो कारण खरा खेळ इथंच आहे. गाडी सावलीत लावा, पण कडुलिंबाच्या झाडाखाली नको, वरून फुलं-पानं अन् पाखरांची घाण पडतच राहते. पत्र्याला तळहाताची मागची बाजू लावून बघा, गरम लागला तर थांबा. एप्रिल-मे मधी आपल्याकडं पारा 42 च्या पुढं जातो अन् काळ्या बोनटवर दुपारी हात ठेववत नाही, अशा पत्र्यावर शॅम्पू, पाणी, पॉलिश, वॅक्स काहीही टाकलं की ते वाळून चिकटणारच. त्यामुळं पहाटेची वेळ सगळ्यात भारी. संध्याकाळी वारं सुटतं अन् धूळ उडते, त्यामुळं उघड्यावर असाल तर सकाळच.

पावसाळ्यात शेतातून आलेली गाडी असंल तर काळ्या मातीचा चिखल आधी भिजू द्या. ही माती ओली असली की चिकट अन् वाळली की दगडासारखी, ती नखानं किंवा फडक्यानं खरवडायची नाही. पाणी मारा, दहा मिनिटं थांबा, परत पाणी मारा, जेवढं आपोआप निघंल तेवढं निघू द्या. मंग दोन बादल्या, एकीत शॅम्पूचं पाणी अन् दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा (अगदी बारीक तंतूंच्या मऊ कापडाचा) हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळखळून घ्यायचा, मगच परत शॅम्पूत. छतापासून खाली यायचं, दाराचा खालचा भाग अन् चाकं सगळ्यात शेवटी अन् त्याला वेगळं कापड. कपड्याची पावडर, भांड्याचा साबण नको, आधी लावलेलं वॅक्स त्यानं उतरतं. अन् हात सरळ रेषेत फिरवा, गोल नाही, म्हणजे चुकून रेघ पडलीच तरी एकाच दिशेची राहते अन् चौफेर दिसत नाही.

पाण्याचं काय? 2016 मधी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आपण पाहिलंय, त्यामुळं पाइपनं पाणी सोडून गाडी धुवा असं मी कुणाला सांगणार नाही. नुस्ती धूळ असंल तर रिन्सलेस वॉश नावाचं, नंतर पाण्यानं धुवावं न लागणारं लिक्विड मिळतं, बादलीभर पाण्यात थोडंसं टाकायचं, शेतात फवारणीला लहान हातपंप वापरतात तसा एक नवा कोरा घ्यायचा (तणनाशक मारलेला बिलकुल नको), त्यानं आधी ते पाणी गाडीवर फवारून धूळ भिजवायची, मंग त्याच बादलीत भिजवलेलं एकेक कापड घेऊन एकेक भाग पुसायचा, वापरलेली बाजू परत लावायची नाही, कापड उलटत जायचं, पुन्हा बादलीत टाकायचं नाही. दहा-बारा लिटरमधी आख्खी गाडी होते. चिखलाच्या गाडीला मात्र हे चालत नाही.

दुसरी अडचण बोअरच्या जड पाण्याची. हे पाणी काळ्या पत्र्यावर वाळलं की पांढरे गोल डाग राहतात, अन् लोकं त्याला वॅक्सचे डाग समजून आणखी घासत बसतात. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात 200 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत कठीणपणा चांगला धरलाय, आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचा त्याच्या वर असतो. घरातल्या आरओचं वेस्ट पाणी गाडीला वापरणारे पण आहेत, बचत म्हणून हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात क्षार आणखी वाढलेले असतात, ते फरशी पुसायला वापरा, काळ्या गाडीला नको. त्यापेक्षा एसीच्या नळीतून टपकणारं पाणी साठवा, त्यात क्षार जवळपास नसतातच, शेवटचा हात मारायला एक नंबर. पावसाचं साठवलेलं असंल तर तेही चालतं. धुतल्या धुतल्या जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरून ओढून घ्या, घासू नका, नुस्तं पाणी शोषू द्या. ताजे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर अन् पाणी निम्मं निम्मं करून कापडानं लावा, मिनिटभरानं धुवून टाका. जुने, खोल गेलेले डाग असे निघत नाहीत, त्याला पॉलिशच लागतं.

गाडी वाळली की बोटांवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून पत्र्यावरून हलकेच हात फिरवा. खरखर लागली तर वर काहीतरी चिकटून बसलंय. जालन्यात सळईच्या कारखान्यांच्या बाजूला गाडी उभी राहत असंल तर लोखंडाचे बारीक कण बसतात, परळीकडं थर्मल वीज केंद्राची राख, अन् बाकी सगळीकडं डांबर. लोखंडाला आयर्न रिमूव्हर, तो फवारला की जांभळा रंग सुटतो, मंग धुवून टाकायचा. उरलेल्याला क्ले बार, म्हणजे घाण ओढून घेणारा मऊ मातीसारखा गोळा, पण शॅम्पूच्या पाण्यानं पत्रा चांगला निसरडा करून, जोर न लावता. क्ले खाली जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या, त्यात अडकलेला एक खडा आख्ख्या दारावर रेघा मारंल. क्ले फिरवल्यावर काळ्या रंगावर थोडी धुरकट छटा येते, घाबरू नका, पॉलिशनं जाते.

आता पॉलिश अन् वॅक्स, हे दोन वेगळे आहेत. पॉलिश क्लिअर कोटचा अगदी बारीक थर घासून काढतं, त्यामुळं ओरखडे खरेच जातात. वॅक्स काहीच काढत नाही, वरून झाकतं अन् राखतं. ओरखडे असताना वॅक्स लावलं की ते थोडे दिवस भरून निघाल्यासारखे दिसतात अन् वॅक्स उतरलं की परत जसेच्या तसे.

पॉलिश मशिननं करायचं असंल तर ड्युअल अॅक्शन पॉलिशर (पॅड गोल फिरतो अन् सोबत हलतोही) घ्या किंवा भाड्यानं आणा. गॅरेजात रबिंग मारून देतो म्हणतात तेव्हा बहुतेक ठिकाणी रोटरी मशिन (पॅड जागच्या जागी नुस्ता गोल फिरतो) अन् लोकरीचा पॅड असतो, हात बसलेला नसंल तर त्यानं काळ्या गाडीवर ढगासारखे फिरते पट्टे उमटतात, सावलीत दिसत नाहीत, उन्हात आले की दिसतात. शिवाय दरवेळेला रबिंग म्हणजे दरवेळेला क्लिअर कोट पातळ, अन् तो एकदा संपला की रंग उडायला लागतो, मंग पेंटशिवाय इलाज नाही. म्हणून सगळ्यात सौम्य पॉलिश अन् मऊ फोम पॅडनं सुरुवात करा. रबर, प्लॅस्टिक, दाराच्या कडा यांना मास्किंग टेप लावा, कडांवर थर आधीच पातळ असतो. बोनटचा हातभर चौकोन निवडा, पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, आधी मशिन बंद ठेवूनच पसरवा नाहीतर सगळं अंगावर उडंल, मंग मध्यम स्पीडवर सावकाश, आधी आडवं मंग उभं, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढवून. मशिनच्या वजनाएवढाच भार पुरतो. पुसून मोबाइलची टॉर्च तिरकी धरून बघा. रेघा गेल्या असतील तर तोच हिशोब आख्ख्या गाडीला, नसतील तर पॅड किंवा पॉलिश एक पायरी कडक. हा एक चौकोन आधी तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका, वेळ अन् रंग दोन्ही वाचतात. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशनं साफ करायचा, मळलेला पॅडच नवीन रेघा पाडतो.

मशिन नसंल तर हातानं फोमच्या पॅडनं पण होतं, खांदे दुखतात अन् खोल ओरखडे जात नाहीत, पण हलकी धुरकट छटा निघते. नखाला अडकणारा ओरखडा मात्र पॉलिशनं जात नाही, त्याच्या मागं लागून थर संपवू नका. शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोल पाण्यात पातळ करून मऊ कापडानं पुसा, म्हणजे पॉलिशमधलं तेल निघतं अन् खरंच ओरखडे गेले की नुस्ते झाकले ते कळतं, वॅक्सही नीट बसतं.

वॅक्सचे पट्टे का राहतात? बहुतेक वेळा कारण एकच, जास्त लावलं. लोकांना वाटतं जाड थर म्हणजे जास्त चमक, तसं काही नसतं, पत्र्याला चिकटतो तो अगदी पातळ थर, बाकीचं सगळं पुसून टाकायचंच असतं अन् तेच नीट पुसलं जात नाही. फोम अॅप्लिकेटर (वॅक्स लावायचा छोटा स्पंज) किंचित ओला करा, वॅक्सला नुस्ता टेकवा, एकच भाग घ्या, सरळ रेषेत इतकं पातळ लावा की पत्र्यावर हलकं धुकं दिसावं, पांढरा लेप नाही. एक भाग लावायचा, पुसायचा, मगच दुसरा. आख्ख्या गाडीला लावून ठेवून चहाला गेलात की उन्हाळ्यात ते कडक होऊन बसतं. वाळलं का ते बोट ओढून बघा, स्वच्छ काळी रेघ उमटली तर पुसायला घ्या, बोट चिकटलं किंवा पसरलं तर थांबा. उन्हाळ्यात काही मिनिटांत होतं, पावसाळ्यात दमट हवेत बराच वेळ लागतो, त्यामुळं डब्यावरची वेळ डोळे झाकून धरू नका.

पुसायला दोन कापडं, पहिल्यानं जास्तीचं काढायचं अन् दुसऱ्या कोऱ्या कापडानं हलका शेवटचा हात. पहिलं कापड वॅक्सनं भरलं की ते पुसत नाही, इकडून तिकडं पसरवतं, तेव्हा बदला. तरीही पट्टे राहिले तर तासाभरानं एसीच्या पाण्याची हलकी फवारणी करून नव्या कापडानं परत पुसा, वॅक्समधलं तेल उशिरा वर येतं, ते यानं जातं. तेवढ्यावर न भागल्यास त्याच वॅक्सचा अगदी थोडा हात परत फिरवून लगेच पुसायचा, जुनं त्यात मऊ होऊन निघतं. बंपरच्या काळ्या प्लॅस्टिकवर वॅक्स लागू देऊ नका, पांढरं होऊन बसतं, तिथं टेप ठेवाच. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या रंगाच्या गाडीला तर पॉलिशही नको अन् वॅक्सही नको.

कार्नोबा वॅक्स ब्राझीलच्या ताडासारख्या झाडाच्या पानातून येतं, काळ्या रंगाला खोल ओली चमक देतं, पण आपल्या उन्हात महिना-दोन महिने टिकलं तरी पुष्कळ. टिकाऊ हवं असंल तर सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखंच वरून लावायचं पण रसायनांपासून बनवलेलं, ते चार-सहा महिने टिकतं. मी स्वतः गडद गाडीला सीलंट लावून सणासुदीला वरून कार्नोबाचा एक हात मारावा असं म्हणीन.

मायक्रोफायबरची कापडं धुताना सुती टॉवेलसोबत टाकू नका, तंतू चिकटतात, फॅब्रिक सॉफ्टनर नको, अन् कडेचं लेबल कापून टाका, तेही रेघ मारतं. वारं नसंल अशा जागी वाळवून बंद पिशवीत ठेवा. जमिनीवर पडलेलं कापड परत पत्र्याला लावायचं नाही, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

पाखराची घाण दिसली की दुपारची वाट बघू नका, ओलं कापड त्यावर पाच मिनिटं ठेवा अन् उचलून घ्या. खंडेनवमी-दसऱ्याला गाडीची पूजा करताना हळद-कुंकू बोनटवर लावायचं असतंच, फक्त ते नंतर कोरडं झटकू नका, पाणी मारून मऊ कापडानं टिपून घ्या, हळदीची पिवळी छटा राहिली तर घासत बसू नका, उन्हानं ती आपोआप फिकी होते. अन् झेंडूचा हार बोनटवर तारेनं बांधत असाल तर तारेऐवजी सुती दोरा घ्या अन् गाडी चालवायच्या आधी हार उतरवा, वाऱ्यावर तो हलला की पत्र्यावर रेघा उमटतात. पाऊस पडल्यावर पाण्याचे गोल थेंब न होता पाणी सपाट पसरायला लागलं की समजा वॅक्स संपलंय, परत एक पातळ हात.