घरी बीअर करायचात, आता तिच्यावर लिहायचंय? मग असं करा

लीड्समधल्या नोकरीच्या सहा वर्षांत मी साठेक वेळा घरी बीअर केली. इंग्लंडमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बीअर करायला परवाना लागत नाही. छत्रपती संभाजीनगरला परतताना पातेली, थर्मामीटर, घनता मोजायचं हायड्रोमीटर सगळं तिथल्याच एका मित्राला देऊन आलो. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार विनापरवाना घरी बीअर करणं गुन्हा आहे. "थोडीशी केली तर कोणाला कळतंय?" असा सल्ला मला इथे बऱ्याच जणांनी दिला. तो अजिबात ऐकू नका. ज्याला उद्या स्वतःच्या नावाने या विषयावर लिहायचंय, त्याला ही चोरी परवडत नाही.

पातेली गेली तरी तिकडे तयार झालेलं नाक जात नाही. त्याच्या जोरावर मी इथल्या आणि पुण्याच्या बीअरवर लिहायला लागलो. तुम्हीही परवानगी असलेल्या ठिकाणी हा छंद केला असेल आणि लिहायची इच्छा असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. वय २१ च्या आत असेल तर नाही.

आधी 'स्थानिक' म्हणजे काय ते ठरवा. वाळूजच्या एमआयडीसीत मोठ्या कंपन्यांची बीअर बनते, तीही इथलीच. पण क्राफ्ट म्हणजे जिथे बीअरची टाकी काचेपलीकडे दिसते आणि बीअर करणारा माणूस समोर येऊन बोलतो अशी जागा. राज्यात याची सुरुवात २००९ साली पुण्यात डूलाली या ठिकाणापासून झाली. दोन्हींवर लिहा, फक्त एकीचे निकष दुसरीला लावू नका. कारखान्याचं कसब दर बाटलीत तीच चव देण्यात असतं. छोट्या टाकीवाल्याचं कसब निराळं, त्याला दर वेळी काही नवं करून बघता येतं.

जाताना वही न्या. दुपारी, जागा उघडल्यावर लगेच जा. आधी तिखट खाऊ नका, अत्तर लावू नका, तंबाखू तर नकोच. शंभर मिलिलिटरचा ग्लास मागा, सोबत साधं पाणी आणि मीठ नसलेले मुरमुरे. घरी रिक्षाने या.

इथपर्यंत कोणालाही जमतं. खरी अडचण पुढे येते, आणि मी तिच्यात दोन वर्षं अडकलो होतो: जिभेला जे कळलं ते मराठीत उतरवायचं कसं?

बीअर करणारा माणूस लिहायला बसला की आकडे लिहितो. माझ्या पहिल्या लेखात मॅशचं, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याचं, तापमान ६६ अंश, सुरुवातीची घनता १.०५०, शेवटची १.०१०, म्हणून अल्कोहोल सव्वापाच टक्के, कडूपणा चाळीस आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक), असं सगळं होतं. सगळं बरोबर. माझ्या मोठ्या भावाने तो वाचला आणि विचारलं, "पण लागते कशी?" त्या लेखात त्याचं उत्तर कुठेच नव्हतं. आकडे टाकून दिले तर उरलं काय? 'छान', 'स्मूद', 'रिफ्रेशिंग'. हे शब्द वापरायचे नाहीत, असा नियम तेव्हापासून मी स्वतःला घातला आहे आणि तुम्हालाही घालतो.

सुरुवात 'कडक' या शब्दापासून करा. आपल्याकडे तो एकाच वेळी दोन अर्थांनी चालतो. कोणी अल्कोहोल जास्त असलेल्या बीअरला कडक म्हणतं, कोणी कडू बीअरला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. चार टक्क्यांची बीअर हॉप्स ही वेलीची कडू फुलं भरपूर घातल्यामुळे जीभ कडू करू शकते आणि आठ टक्क्यांची गोडसर लागू शकते. म्हणून 'कडक' फक्त अल्कोहोलसाठी राखून ठेवा. मग कडू आणि तुरट वेगळे करा. हॉप्सचा कडूपणा घोट गेल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो. तुरटपणा हिरड्या आणि गाल आखडवतो, जास्त वेळ उकळलेल्या चहासारखा. बहुतेक वेळा धान्याच्या सालांतून टॅनिन हा तुरट पदार्थ उतरला की तो येतो. बीअर करताना तुम्हाला हा फरक हाताने कळलेला आहे, वाचकाला तो शब्दाने कळला पाहिजे.

मग आपल्या घरातला वास शोधा. इंग्रजी चव-तक्ते पाठ करून 'बिस्किटी', 'टोस्टी' लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. फिकट माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, वास मला तव्यावरच्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा येतो, तसंच लिहितो. स्टाउट या काळ्या बीअरमध्ये करपलेल्या भाकरीची कड असते. हेफेवायझन या जर्मन गव्हाच्या बीअरमधली पिकलेली केळी आणि लवंग दोन्ही यीस्ट स्वतः तयार करतं, कोणी काही घातलेलं नसतं. बेल्जियन विटबिअरमध्ये मात्र धने आणि संत्र्याची साल खरंच घातलेली असते, तिथे 'धण्याचा वास' ही उपमा राहत नाही, ती माहिती होते. काही हॉप्समध्ये जालन्याच्या मोसंबीची साल नखाने खरवडल्यासारखा वास असतो. एखादा वास ओळखू येतो पण नाव सुचत नाही, तेव्हा आईच्या किंवा आजीच्या स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडा. मी येसर मसाल्याच्या डब्यात नाक घालून उभा राहिलेलो आहे, त्यातूनच मला एका धुरकट बीअरसाठी शब्द मिळाला.

दोषांसाठी नाक वेगळं तयार करावं लागतं. परवानाधारक दुकानातून हिरव्या बाटलीतली एकाच बॅचची दोन बीअर घ्या. एक अंधारात ठेवा, दुसरी एप्रिलच्या उन्हात अर्धा तास, मग दोन्ही थंड करून शेजारी हुंगा. उन्हातल्या बाटलीला जळक्या रबरासारखी उग्र घाण येते. प्रकाशाने हॉप्समधले घटक मोडतात आणि गंधकाचं संयुग तयार होतं, ते हे. हॉप्स घातलेल्या बहुतेक बीअरचं असंच होतं, तपकिरी काच तिला बऱ्यापैकी वाचवते. उकडलेल्या कणसाच्या पाण्यासारखा वास म्हणजे उकळी कमी पडली असण्याची शक्यता. कच्च्या सफरचंदाचा म्हणजे बीअर लवकर काढली. ओल्या पुठ्ठ्याचा म्हणजे हवा लागून जुनी झाली.

आणि लोण्याचा. हा वास मला महागात पडला, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

एका ठिकाणी लागरच्या, म्हणजे थंडाव्यात आंबवलेल्या बीअरच्या, पहिल्याच घोटाला लोण्याचा वास आला. त्यामागचं रसायन डायअसिटाइल, घरच्या लोण्यालाही त्याचाच वास असतो. आंबवताना यीस्ट ते तयार करतं आणि दोन-तीन दिवस जास्त दिले तर परत शोषूनही घेतं. लीड्सला घरी मी घाई केली होती तेव्हा असंच झालं होतं, त्यामुळे मला शंकाच आली नाही. लिहून टाकलं की बीअर करणाऱ्याने घाई केली. दोन दिवसांनी त्या माणसाचा फोन आला. चिडला नव्हता, म्हणाला, "दादा, या आणि टाकीतून प्या." गेलो. टाकीतली बीअर स्वच्छ होती. लोणी नळापर्यंत येणाऱ्या नळीत होतं, तिची सफाई राहून गेली होती आणि तिच्यात जिवाणू वाढले होते. चूक नळी धुणाऱ्याची, दोष दिला मी बीअर करणाऱ्याला. दुरुस्ती लिहिली, पण पहिला लेख ज्यांनी वाचला त्यांतल्या किती जणांनी ती वाचली? त्या माणसाच्या पोटावर मी एका ग्लासच्या भरवशावर पाय दिला होता.

तेव्हापासून दोष लिहिण्याआधी एवढं करतोच. त्याच जागी दुसऱ्या नळाची बीअर हुंगतो. तोच वास दोन-तीन नळांना असला तर नळ्यांवर संशय घ्यायचा. एकाच बीअरला असला तर टाकीतला नमुना मागायचा, देणारे बहुतेक आनंदाने देतात. मग दुसऱ्या दिवशी परत जायचं. आणि छापण्याआधी करणाऱ्याला विचारायचं. स्वतः बीअर केलेली असली की आपल्याला कारण माहीत आहे असं वाटतं. तो भरवसा फार वाईट. वास काय आला ते ठामपणे लिहा, कारण मात्र विचारूनच लिहा.

मराठवाड्यात बसून बीअरवर लिहायचं आणि पाण्यावर लिहायचं नाही, हे मला मान्य नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली. मोठ्या कारखान्यात एक लिटर बीअरमागे साधारण तीन ते पाच लिटर पाणी जातं, छोट्या ठिकाणी त्याहून जास्त. पाणी कुठून येतं, धुण्याच्या पाण्याचं काय होतं, हे प्रत्येक भेटीत विचारा. चवीसाठीही हे हवं. आपल्या काळ्या बेसाल्टमधल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे मॅशचा पीएच वर राहतो, म्हणजे आम्लपणा कमी पडतो, आणि फिकट लागर बिघडते, पण स्टाउटमधल्या भाजलेल्या धान्याचा आम्लपणा तेच बायकार्बोनेट सावरून घेतं. स्टाउट चांगली आणि लागर तुरट असं एकाच ठिकाणी आढळलं, तर पाण्यावर काय प्रक्रिया करतात ते विचारा.

पैशांचं एका ओळीत सांगतो: बिल स्वतः भरा. मद्याच्या जाहिरातीला महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्याच कलम २४ मध्ये मनाई आहे, त्यामुळे फुकट ग्लास, सवलतीचा कोड, 'आजच या' असली वाक्यं लेखात येऊच देऊ नका.

लेख पूर्ण झाला की दारूला न शिवणाऱ्या माणसाला तो मोठ्याने वाचून दाखवा. माझ्यासाठी ते काम माझी मावशी करते. मागच्या महिन्यात ती मध्येच थांबवून म्हणाली, "लवंग कळली, पण केळी कच्ची का पिकलेली?" मी वहीत पाहिलं, लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत गेलो, पुन्हा शंभर मिलिलिटर घेतली. पिकलेली होती, सालीवर काळे ठिपके पडलेली.